काटा शून्यावर पडतो तेव्हा

आमच्या हाताला कधी ग्रीस लागले नाही. दिवसभर कचेरीतल्या फायली आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहून देणे, एवढाच आमचा व्यवहार. तेव्हा गाडीच्या दुरुस्तीवर आम्ही लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु हा विषय आमच्याकडे आला तोही एका अर्जातूनच.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतले व्हॅनवाले भाऊ पतपेढीच्या कर्जाचा फॉर्म घेऊन आले. त्यांची व्हॅन जुनी, २०११ सालची, पेट्रोलवर चालणारी. पहाटे भाजीवाल्या बायांना मार्केटात न्यायचे, नंतर वस्तीतली सहा मुले शाळेत पोचवायची. घर त्या गाडीवरच चालते.

"दादा, एवढा फॉर्म भरून द्या. चौदा हजार पाहिजेत."

"कशाला, भाऊ?"

"मीटरचा काटा मध्येच शून्यावर पडतो. थांबताना इंजिन बंद पडते. परवा रेल्वे फाटकाजवळ बंद पडली. आत पोरे, मागे ट्रक. गॅरेजवाले म्हणतात, मीटर बदला आणि इसीएमही बदला."

इसीएम म्हणजे गाडीचा छोटा संगणक. आम्ही विचारले, "त्यांनी काय मोजून पाहिले?" भाऊ गप्प राहिले. काहीच मोजले नव्हते. अंदाज तेवढा कागदावर लिहून दिला होता.

हिशेब लिहिणाऱ्या माणसाला पावतीशिवाय खर्च मंजूर करता येत नाही. आम्ही फॉर्म बाजूला ठेवला आणि एक चाळीस पानी वही भाऊंच्या हाती दिली. म्हटले, आठ दिवस लिहा. काटा किती वाजता पडला, गाडी निघून किती वेळ झाला होता, पाऊस होता की ऊन, रस्ता कसा होता. तोवर मुलांना आळीपाळीने पालकांनीच शाळेत सोडावयाचे ठरले. थांबताना बंद पडणाऱ्या गाडीत मुले बसवणे आम्हांला पटले नाही.

हा सेन्सर करतो काय?

एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक इलेक्ट्रिशियन काका आमच्या शेजारच्या चाळीत राहतात. त्यांनी आम्हांला जे समजावले ते असे.

जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक केबल असे. गाडी चालली की केबल फिरे आणि काटा हले. १९८४ साली आलेली मारुतीची व्हॅन, जिला पुढे ओम्नी म्हणू लागले, तिच्या जुन्या मॉडेलांत अशीच केबल होती. केबल तुटली तर काटा मेला, पण इंजिनाला त्याचे सोयरसुतक नसे.

पुढे कार्बोरेटर जाऊन इंजेक्शनची इंजिने आली. गाडी चालते आहे की उभी आहे, हे त्या संगणकाला कळावे लागते. ते सांगतो हा वेगाचा सेन्सर. आत फिरणारे दातेरी चाक किंवा लोहचुंबक असते. ते फिरले की विजेचे ठोके निघतात. संगणक ठोके मोजतो आणि वेग काढतो. जपानी मापाप्रमाणे स्पीडोमीटरचा दांडा एका किलोमीटरला ६३७ फेरे घेतो. एका फेऱ्याला चार ठोके धरले तर किलोमीटरला २५४८ ठोके झाले. ठोके चुकले की हिशेब चुकला.

म्हणून सेन्सर बिघडला की फक्त काटा पडत नाही. किलोमीटरचा आकडा पुढे सरकत नाही, इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, थांबताना इंजिन डचमळते किंवा बंद पडते. विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग असेल तर ते जड होऊ शकते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील ११७ व्या नियमाप्रमाणे गाडीला वेग दाखवणारे मीटर असावेच लागते. फिटनेसला गाडी नेली तर बंद काटा अडचणीत आणतो.

वही काय बोलली?

भाऊंचा पहिला संशय पावसावर होता. आमचाही होता. पण आठ दिवसांची वही समोर ठेवली तेव्हा चित्र निराळे दिसले. काटा अकरा वेळा पडला होता. त्यातले सहा दिवस कोरडे होते. भर पावसात पहाटे निघालेली गाडी मार्केटपर्यंत नीट गेली होती. मात्र अकराही वेळा गाडी निघून वीस मिनिटे होऊन गेली होती. म्हणजे दोष पाण्याशी नव्हे, उष्णतेशी जोडलेला होता.

काकांनी वही वाचली आणि म्हणाले, "अर्धे काम झाले."

आधी वरचे, मग खालचे

रविवारी सकाळी काम सुरू झाले. गाडीखाली जाण्याआधी काकांनी फ्यूज तपासले. मग पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा पाहिला. हे दोन्ही चालू होते. सगळेच काटे मेले असते तर मीटरचा फ्यूज किंवा मीटरला येणारी वीज पाहावी लागली असती.

नंतर त्यांनी ओळखीच्या एकाकडून स्कॅनर आणला. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या गाड्यांना २०१० पासून टप्प्याटप्प्याने दोष नोंदवणारी यंत्रणा आली. या गाडीला स्कॅनर लागला आणि कोड दिसला: पी ०५००. याचा अर्थ वेगाच्या सेन्सरच्या साखळीत दोष. काकांनी इथे एक गोष्ट बजावली. कोड गल्ली दाखवतो, घर नंबर दाखवत नाही. सेन्सर, वायर, कपलर, आतले प्लॅस्टिकचे गिअर, यांपैकी काहीही असू शकते.

म्हणून भाऊंनी गाडी चालवली आणि काका शेजारी स्कॅनर घेऊन बसले. काटा पडला त्याच क्षणी स्कॅनरवरचा वेगही शून्य झाला. स्कॅनरवर वेग दिसत राहिला असता तर सेन्सर ठीक आणि मीटर किंवा मीटरची वायर दोषी, असे ठरले असते. दोन्हीकडे शून्य, म्हणजे मीटर बहुधा निर्दोष. चौदा हजारांतला मोठा आकडा इथेच गळाला.

सेन्सर असतो कुठे?

जागा गाडीगणिक बदलते. काही जुन्या इंजेक्शन गाड्यांत केबलही आहे आणि सेन्सर मीटरच्या आतच बसवलेला असतो. अमेरिकेतल्या फोर्डच्या मोठ्या व्हॅनच्या काही मॉडेलांत तो मागच्या अॅक्सलवर असतो. काही नव्या गाड्यांत वेगळा सेन्सरच नसतो, चाकांच्या एबीएस सेन्सरवरून वेग काढला जातो. मागची चाके ओढणाऱ्या आमच्या व्हॅनसारख्या गाडीत तो गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, जिथून लांब शाफ्ट मागे जातो तिथे सापडतो. प्लॅस्टिकचे डोके, एक बोल्ट आणि तीन वायरींचा कपलर.

इथे आमची फजिती झाली. बॅटरी आम्ही धरली होती. गिअरबॉक्सवर पहिला कपलर दिसताच "हाच तो" असे आम्ही सांगून टाकले. काकांनी तो काढून भाऊंना रिव्हर्स गिअर टाकायला लावला. मागचा पांढरा दिवा लागलाच नाही. आम्ही दाखवलेला तो रिव्हर्स लाइटचा स्विच होता. त्याला दोनच वायरी असतात आणि तो स्वतःच नटासारखा आत फिरवून बसवलेला असतो. ही चूक पुष्कळांची होते, म्हणून सांगून ठेवतो.

तपासणी

खऱ्या सेन्सरचा कपलर काढला. गंज नाही, तेल नाही, उंदरांनी कुरतडलेली वायर नाही. चावी चालू करून मल्टिमीटरने पाहिले: एका वायरीत बारा व्होल्ट (काही गाड्यांत पाच असतात), दुसरीत अर्थ बरोबर. वायर हलवून, वाकवून पाहिली, आकडा ढळला नाही. म्हणजे वीज सेन्सरपर्यंत पोचत होती.

मग कपलर परत लावून सिग्नलच्या वायरीत मागून टाचणी घातली. पुढच्या चाकांना दगड लावले, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, मागचे एकच चाक जॅकवर आणि खाली पक्का स्टँड. दोन्ही चाके उचलली तर एक पुढे, दुसरे मागे फिरते आणि शाफ्ट उभाच राहतो. चाक हातानेच फिरवावयाचे, इंजिन सुरू करावयाचे नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये.

चाक फिरले. मीटरवरचा आकडा शून्य आणि पाच यांमध्ये उड्या मारू लागला. सेन्सर चांगला! भाऊंचा चेहरा उतरला. मग इसीएमच गेला असणार, असे ते म्हणाले.

तेव्हा आम्ही वही पुढे केली. गाडी थंड होती. वहीत तर वीस मिनिटांच्या आत एकही नोंद नव्हती.

गाडी स्टँडवरून उतरवली, अर्धा तास फिरवून काटा पडताच परत आणली आणि तीच तपासणी पुन्हा केली. वीज बारा व्होल्ट, अर्थ ठीक, चाक फिरते आहे, पण सिग्नलचा आकडा जागचा हलत नाही. सेन्सर बाहेर काढून गिअरही पाहिले, दाते शाबूत होते. तापल्यावर सेन्सर मरत होता आणि थंड झाला की जिवंत होत होता. थंड गाडीवर कितीही तपासले तरी हे कळले नसते.

दोन वायरींचा सेन्सर असेल तर तपासणी थोडी निराळी. तो स्वतःच वीज तयार करतो, म्हणून मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवावा. चाक जोरात फिरवले की आकडा वाढला पाहिजे.

हिशेब

नवा सेन्सर आणि रबरी रिंग मिळून नऊशे रुपये लागले. रिंगेला थोडे गिअर ऑइल लावून सेन्सर बसवला, कोड पुसला, मोबाइलवरच्या वेगाशी काटा ताडून पाहिला. आणखी आठ दिवस वही लिहिली. एकही नोंद झाली नाही, तेव्हाच मुले पुन्हा व्हॅनमध्ये बसली.

गॅरेजवाले लबाड होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना घाई होती आणि आपण विचारले नाही. आपल्या माणसांना गॅरेजात, दवाखान्यात, कचेरीत "काय मोजले?" असे विचारण्याचा संकोच वाटतो. त्या संकोचाची किंमत कर्जाच्या हप्त्यांत फेडावी लागते. बिघाड झाला की आधी वही काढा, मग पाकीट. आणि गाडी धोक्याची वाटली तर दुरुस्तीपर्यंत मुले तिच्यात बसवू नका.

तो कोरा फॉर्म अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे. भाऊ परवा भेटले तेव्हा म्हणाले, "दादा, फाडून टाका की." आम्ही फाडला नाही. त्याच्या पाठीमागे आता पुढच्या वहीचा हिशेब लिहिला आहे.