लघुमूर्तींचे रणांगण : रंग, प्रमाण आणि सत्य

दिवाळीत आपल्याकडील मुले अंगणात माती-दगडांचा किल्ला रचतात, त्यावर आळीव पेरतात आणि बुरुजावर मातीचे मावळे उभे करतात. पाश्चात्त्य देशांत याच जातीची एक कला फार काटेकोरपणे जोपासली गेली आहे. एखाद्या ऐतिहासिक लढाईतील नेमका क्षण निवडायचा, तेथील जमीन लहान प्रमाणात तयार करायची आणि तिच्यावर इंच-दीड इंच उंचीचे रंगवलेले सैनिक मांडायचे. या देखाव्याला ‘डायोरामा’ म्हणतात. हा शब्द रूढ केला तो फ्रान्समधील लुई दागेर याने. १८२२ मध्ये त्याने पॅरिसमध्ये प्रकाशाच्या खेळाने बदलत जाणारी भव्य चित्रे दाखवण्यास सुरुवात केली व त्या प्रयोगाला हे नाव दिले. पुढे ते त्रिमितीय देखाव्यांना लागू झाले.

हा छंद वरवर पाहता फावल्या वेळेचा वाटतो. मात्र देखाव्यात कोणाला उभे करायचे आणि कोणाला वगळायचे, हे ठरवताना आपण इतिहासच लिहीत असतो. या कलेचे तंत्र समजून घेताना ही जबाबदारीही समजून घेतली पाहिजे. म्हणून प्रस्तुत लेखात दोन्हींचा विचार केला आहे.

प्रमाणाचे गणित

पहिला प्रश्न प्रमाणाचा. सर्वाधिक प्रचलित प्रमाणांपैकी एक म्हणजे १:७२. या प्रमाणात साडेपाच फूट उंचीचा माणूस सुमारे २३ मिलिमीटरचा होतो. ‘एअरफिक्स’ या ब्रिटिश कंपनीने १९५९ पासून या आकाराच्या जवळपासचे प्लॅस्टिकचे शिपाई स्वस्तात विकायला सुरुवात केली आणि श्रीमंतांचा हा छंद शाळकरी मुलांच्या आवाक्यात आला. त्याआधी जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे कथलाचे चपटे शिपाई बनत. तेथील हाइनरिखसन यांच्या कारखान्याने ३० मिलिमीटर उंची रूढ केली. इंग्लंडमधील ब्रिटन कंपनीने १८९३ पासून आतून पोकळ असे शिशाचे शिपाई काढले. त्यांची उंची ५४ मिलिमीटर होती.

प्रमाण एकदा ठरले की ते सर्वत्र पाळावे लागते. १:७२ मध्ये सहा फुटी भिंत सुमारे २५ मिलिमीटरची होते. शिपाई एका प्रमाणात आणि घर दुसऱ्याच प्रमाणात असेल, तर रंगकाम कितीही सुबक असले तरी देखावा खेळण्याचा दिसतो.

आधी अभ्यास, मग कुंचला

रंग डोळ्यांना आवडेल तो द्यायचा नसतो, पुराव्याने सिद्ध होईल तो द्यायचा असतो. उदाहरणासाठी १८ जून १८१५ ची वॉटर्लूची लढाई घेऊ. नेपोलियनचा अखेरचा पराभव येथेच झाला. ब्रिटिश शिपाई लाल डगल्यात होते हे सर्वांना ठाऊक असते, परंतु तो लाल रंग एकच नव्हता. साध्या शिपायाचे कापड मंजिष्ठेच्या जातीच्या मुळाने रंगवलेले, म्हणजे विटकरी आणि लवकर फिकट होणारे असे. अधिकाऱ्याचा डगला कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेल्या महागड्या रंगाचा, लखलखीत लाल असे. लहानशा मूर्तीवरही ही दोन वेगळी छटांची लाल दाखवता येतात आणि त्या एका फरकातून सैन्यातील दर्जाची उतरंड पाहणाऱ्याच्या लक्षात येते.

कॉलर आणि बाह्यांची टोके यांचे रंग पलटणीनुसार बदलत. सत्ताविसाव्या पलटणीचे ते फिकट बदामी होते, तर तिसाव्या पलटणीचे फिकट पिवळे. पंचाण्णवावी रायफल पलटण तर लाल डगला घालतच नसे. तिचा पोशाख गर्द हिरवा आणि कॉलर काळी. प्रशियन पायदळ गडद निळ्या डगल्यात होते.

पोशाखाबरोबर हवामानाचाही अभ्यास हवा. लढाईच्या आदल्या दुपारपासून रात्रभर मुसळधार पाऊस झाला होता. त्यामुळे वॉटर्लूच्या कोणत्याही शिपायाचे बूट आणि विजार चिखलाने माखलेलीच दाखवली पाहिजेत. त्या काळी बंदूक भरताना काडतुसाचा कागद दातांनी फाडत. सकाळपासून लढलेल्या शिपायाचे ओठ आणि गाल दारूच्या भुकटीने काळे झालेले असत. स्वच्छ चेहऱ्याचा आणि कोऱ्या कपड्यांचा शिपाई संचलनात शोभेल, रणांगणावर तो खोटा ठरतो.

रंगकामाच्या पायऱ्या

प्रत्यक्ष काम पुढील क्रमाने करावे.

प्रथम मूर्ती कोमट पाण्यात साबणाने धुऊन घ्यावी. साच्यातून सहज सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर तिच्यावर राहिलेला असतो. तो राहिला तर रंगाचे पापुद्रे निघतात. साच्याच्या जोडावर उरलेली बारीक धार ब्लेडने अलगद काढावी.

नंतर मूर्ती बाटलीच्या बुचावर चिकटवावी, म्हणजे रंगवताना तिला बोट लागत नाही. तिच्यावर राखाडी किंवा पांढऱ्या रंगाचे पातळ अस्तर द्यावे. अस्तर जाड झाले तर नाक, बटणे, कपड्यांच्या चुण्या बुजून जातात.

अस्तर वाळल्यावर मूळ रंग द्यावेत. आतून बाहेर जावे : आधी चेहरा व हात, मग डगला व विजार, त्यानंतर पट्टे, पडतळे आणि शेवटी बंदूक. अॅक्रिलिक रंग पाण्याने पातळ होतात व लवकर वाळतात, म्हणून नवशिक्याला ते सोयीचे. एनॅमल रंगांना टर्पेंटाइन लागते आणि वाळायला वेळही अधिक लागतो. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर केव्हाही चांगले.

त्यानंतर छायेचे काम. गडद तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून मूर्तीवर सोडावा. तो चुण्यांत आणि खाचांत उतरतो व तेथे आपोआप सावली तयार होते. तो पूर्ण वाळल्यावर कोरड्या कुंचल्याची पाळी. कुंचल्याला फिका रंग लावून तो फडक्याला जवळजवळ सगळा पुसून टाकावा आणि मग मूर्तीवरून हलकेच फिरवावा. उंचवट्यांवर तेवढा रंग बसतो आणि ऊन पडल्यासारखे दिसते.

येथे एक बाब ध्यानात ठेवावी. खऱ्या कापडाचा रंग जसाच्या तसा दिला तर तो मूर्तीवर अधिक काळपट दिसतो. म्हणून प्रत्येक रंगात थोडा फिका रंग मिसळतात. काळ्याऐवजी अगदी गडद राखाडी वापरतात. डोळ्यांच्या बाबतीत या आकारात बुबुळे काढण्याचा मोह टाळावा. पापणीखालची एक बारीक सावली पुरते. शेवटी चमक नसलेले वॉर्निश द्यावे.

शंभर मूर्ती रंगवायच्या असतील तर एकेक पूर्ण करीत बसू नये. दहा-बारा मूर्ती ओळीने ठेवून आधी सर्वांचे चेहरे, मग सर्वांचे डगले असे करावे. बँकेत आम्ही व्हाउचरांची थप्पी अशीच निकालात काढतो. हाताला लय सापडते आणि कामात सारखेपणा येतो.

एका लेफ्टनंटची गोष्ट

आता जबाबदारीकडे वळू. विल्यम सायबोर्न हा ब्रिटिश सैन्यातील एक कनिष्ठ अधिकारी. १८३० मध्ये त्याच्यावर वॉटर्लूच्या रणांगणाची प्रतिकृती करण्याचे काम सोपवण्यात आले. त्याने ‘ला हे सेंत’ या रणांगणावरच्याच शेतवाडीत आठ महिने मुक्काम ठोकून जमिनीची मोजणी केली. लढाईतून वाचलेल्या शेकडो अधिकाऱ्यांना त्याने पत्रे लिहिली. सायंकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण नेमकी कोठे होती, समोर शत्रू कोणता होता, शेतात पीक कोणते होते, असे त्याचे प्रश्न होते. सरकारने १८३३ मध्ये पुढील खर्च नाकारला. तरी तो थांबला नाही. त्याने कर्ज काढून काम पुरे केले.

१८३८ मध्ये लंडनच्या ‘इजिप्शियन हॉल’मध्ये ही प्रतिकृती लोकांसमोर आली. एका मैलाला नऊ फूट हे जमिनीचे प्रमाण. तिच्यावर सुमारे दहा मिलिमीटर उंचीच्या सत्तर हजारांहून अधिक धातूच्या मूर्ती होत्या. जमिनीच्या प्रमाणानुसार माणूस तीन मिलिमीटरचाच आला असता. तो दिसावा म्हणून मूर्ती मोठ्या ठेवल्या होत्या. सुमारे एक लाख लोकांनी ती पाहिली असे सांगतात.

पण कागदपत्रांचा मेळ घालताना सायबोर्नपुढे एक अडचण उभी राहिली होती. त्या सायंकाळी प्रशियन सैन्य मोठ्या संख्येने रणांगणावर आलेले होते आणि प्लांसन्वा गावात त्याची घनघोर लढाई चालू होती. प्रतिकृतीत त्याने ते दाखवले. विजयाचे श्रेय वाटले जाते हे वेलिंग्टनच्या बाजूच्या वरिष्ठांना रुचले नाही. अखेर प्रशियन मूर्तींपैकी बऱ्याच मूर्ती उचलण्यात आल्या. त्या एका दिवसात प्रशियन सैन्याचे सुमारे सात हजार लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले होते. लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आज ती प्रतिकृती आहे. तिचे काम अप्रतिम आहे, पण त्या रिकाम्या जागाही तिच्यात आहेत.

सायबोर्न १८४९ मध्ये वारला. ज्या पत्रांतून त्याने सत्य शोधले ती मात्र टिकली. त्यांतील निवडक पत्रे त्याच्या मुलाने १८९१ मध्ये प्रसिद्ध केली. टेबलावरून मूर्ती उचलता येते, पुरावा जपला असेल तर माणूस मात्र इतिहासातून कायमचा उचलता येत नाही, हाच यातील धडा.

नाव असलेला शिपाई

वॉटर्लूनंतर ब्रिटनने दिलेले पदक सेनापतीपासून साध्या शिपायापर्यंत सर्वांना सारखेच होते आणि त्याच्या कडेवर प्रत्येकाचे नाव उमटवलेले होते. साध्या शिपायाच्या नावाची अशी दखल त्या काळी नवीनच होती.

त्यानंतर अडीच वर्षांनी, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमेकाठी कोरेगावची लढाई झाली. तेथील स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांतील कित्येक नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १ जानेवारी १९२७ रोजी तेथे जाऊन मानवंदना दिली, हे आपणा सर्वांस विदित आहेच.

या लढाईचा देखावा कोणी करू म्हणेल तर वरील सर्व नियम लागू होतील. कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीजवळ तोफा दोनच होत्या, तिसरी ठेवता येणार नाही. लाल डगल्यातील पायदळाचे चेहरे या मातीतल्या माणसांचे असले पाहिजेत. बाजारातील तयार गोरे शिपाई तसेच उभे करून चालणार नाही. पेशव्यांच्या बाजूने अरब शिपाईही लढले, त्यांचा वेश निराळा दाखवावा लागेल. आणि स्तंभ देखाव्यात येणार नाही, कारण त्याची पायाभरणी १८२१ ची आहे. आपल्याला प्रिय असलेली गोष्टसुद्धा तिच्या काळाआधी मांडता येत नाही. जो दुसऱ्याच्या वगळण्यावर बोट ठेवतो, त्याने स्वतःची भर घालण्याची सवयही आवरली पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, या कामाला मोठे भांडवल लागत नाही. दोन बारीक कुंचले, पाच-सहा रंगांच्या बाटल्या, पुठ्ठा, कागदाचा लगदा, लाकडाचा भुसा आणि धुरासाठी कापूस एवढ्यावर सुरुवात होते. चार-पाच जणांनी मिळून एक लहानसा प्रसंग निवडावा. एकाने नकाशा पाहावा, एकाने पोशाखाचा अभ्यास करावा, बाकीच्यांनी रंगकाम करावे. प्रत्येक मूर्तीच्या तळाला क्रमांक द्यावा आणि एका वहीत त्या क्रमांकासमोर लिहावे : हा कोण, कोणत्या पलटणीचा, याचा हा रंग कोणत्या आधाराने दिला. देखावा कालांतराने मोडेल, रंगही उडतील. ती वही जपून ठेवावी, म्हणजे पुढच्या मुलांना प्रत्येक शिपाई पुन्हा त्याच्या जागी उभा करता येईल.