परळीतला पाहुणा आणि चोवीस तासांची नोंद

बीड जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, तरीही मुंबईच्या बंदरात उतरलेल्या परदेशी प्रवाशाच्या नोंदीची साखळी परळी वैजनाथच्या एखाद्या लॉजपर्यंत येऊन पोहोचते. क्रूझने, म्हणजे पर्यटकांच्या जहाजाने आलेल्या प्रवाशाचे पारपत्र आणि व्हिसा बंदरावरील इमिग्रेशन अधिकारी, म्हणजे देशातील प्रवेश-निर्गमनाची नोंद ठेवणारा अधिकारी, तपासतो आणि आगमनाचा शिक्का उमटवतो. जहाज मुंबईहून गोवा व कोचीपर्यंतच जाणार असेल तर प्रवासी भारतातच राहतो. मात्र ते कोलंबोला गेले, की तो देशाबाहेर गेला असे धरले जाते आणि परतण्यासाठी एकाहून अधिक प्रवेशांची मुभा देणारा व्हिसा लागतो, ही बाब तिकीट काढताना हमखास निसटते.

पुढची नोंद यजमानाकडे असते. परदेशी नागरिकाला मुक्कामाला ठेवणाऱ्या हॉटेलने, धर्मशाळेने, इतकेच नव्हे तर खासगी घरानेही त्याचे नाव, पारपत्र व व्हिसा क्रमांक आणि येण्याची तारीख चोवीस तासांच्या आत ऑनलाइन कळवायची असते. अनेक वर्षे ‘फॉर्म सी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या माहितीचे काम लॉजच्या जाडजूड रजिस्टरातील सहीने भागत नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतलेला मुलगा अंबाजोगाईच्या वाड्यात सुट्टीला आला, तर आईवडिलांच्या दृष्टीने तो घरचाच, कायद्याच्या दृष्टीने मात्र परदेशी. हा विरोधाभास खटकणारा आहे. १९४६ च्या परदेशी नागरिकविषयक कायद्याची जागा आता २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली असली, तरी यजमानावरील ही जबाबदारी कायम आहे.