गाडी येते, पण इथली?

आपल्यापैकी बरेच जण पुण्या-मुंबईत वर्षानुवर्षं गाडी चालवून इकडे आले. भारतातल्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालवता येतं, मग मात्र परीक्षा! त्यात २००२ सालापासून हॅझर्ड परसेप्शन आलं. १४ क्लिप्स, १५ धोके, ७५ पैकी ४४ गुण हवेत. आपली गोची इथेच होते. समोरचा आडवा आला की ब्रेक नि हॉर्न, यात आपण तरबेज. इथे त्याच्या आधीचं बघायचं असतं. कडेला उभी कार हा नुसता संभव; तिचा इंडिकेटर लागला की धोका वाढू लागला, तिथे क्लिक. जितकं लवकर तितके गुण, एका धोक्याला फार तर ५. (घाबरून सारखं क्लिक केलंत तर त्या क्लिपला शून्य!)

पास झाल्यावर पहिल्या २ वर्षांत ६ पेनल्टी पॉइंट झाले की लायसन्स रद्द.

आणि समोरच्याने हेडलाइट मारला तर? तिकडे त्याचा अर्थ 'थांब, मी येतोय'. इथे बहुधा 'या तुम्ही'. हायवे कोडप्रमाणे मात्र फक्त 'मी इथे आहे'. तेव्हा स्वतः बघूनच गाडी काढा.