सोलकरांचे झेल, इतरांच्या शेजारी

मुंबईचे एकनाथ सोलकर कसोटी खेळले २७, झेल घेतले ५३. कसोटीमागे जवळजवळ दोन (१.९६)! त्यांचेच कर्णधार, स्लिपमधले हुकमी अजित वाडेकर: ३७ कसोटींत ४६ (१.२४). सुनील गावसकर: १२५ मध्ये १०८ (०.८६). नंतरच्या पिढीतल्या राहुल द्रविडचे झेल तब्बल २१०, पण १६४ कसोटींत (१.२८). शिवाय सोलकर उभे राहत ते फॉरवर्ड शॉर्ट लेगला, बॅटच्या अगदी पुढ्यात, हेल्मेटशिवाय. १९७१ च्या ओव्हल कसोटीत फिरकीपटू वेंकटराघवनच्या चेंडूवर इंग्लंडच्या ॲलन नॉटचा झेल त्यांनी सूर मारून टिपला.

पण झेलांचे आकडे सगळे सांगत नाहीत. बेसबॉलमध्ये पहिल्या बेसवरच्या क्षेत्ररक्षकाच्या चुकाही नोंदवतात. क्रिकेटच्या आपल्या धावफलकावर मात्र सुटलेले झेल येत नाहीत. आणि सोलकरांच्या धाकाने फिरकीपटूंना मिळालेले बळीही येत नाहीत.