काहील कुठे गेली?



गेल्या गळीत हंगामात आमच्या गटातल्या पंधरा-वीस सभासदांना कारखाना दाखवायला आणलं होतं. गव्हाणीत पडणारा ऊस, मिल, खाली वाहणारा रस, सगळं मंडळींनी डोळे भरून पाहिलं. पुढं मात्र नुसते पाइप आणि उभ्या बंद टाक्या. बरोबरच्या एका आजोबांचं पूर्वी स्वतःचं गुऱ्हाळ होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "साहेब, समदं दाखिवलंत, पर काहील कुठं हाय?"

प्रश्न अगदी नेमका होता. मानवाच्या महान शोधांची यादी शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केली आहे. अग्नी, चाक, छपाई, वाफेचं इंजिन, वीज. पण ज्या शोधामुळं आपल्या डोळ्यांसमोरची काहील नाहीशी झाली, तो त्या यादीत कधी दिसत नाही. ऊस उत्पादकाच्या दृष्टीनं त्याचा नंबर फार वरचा आहे असं माझं मत आहे. कृषी पदविकेत मला ऊस शिकवला, कारखाना नाही. हे सगळं मी मागाहून आमच्या चीफ केमिस्टसाहेबांच्या मागं लागून समजून घेतलं.

मुळात साखर म्हणजे रसातलं पाणी घालवण्याचा धंदा. 100 किलो रसात 15 किलो विरघळलेले पदार्थ असले, म्हणजे ब्रिक्स 15 असला, आणि त्याचा 60 ब्रिक्सचा पाक करायचा म्हटलं, तर 75 किलो पाणी उडवावं लागतं. आणि पाणी सहजासहजी उडत नाही. गार पाण्याला आधण येईपर्यंत जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच पाण्याची वाफ व्हायला लागते. गुऱ्हाळात चुलाणापुढं बसलेल्या जाळव्याला हे पुस्तकाशिवाय कळत होतं.

पाऊणदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या लुइझियाना प्रांतात उसाचे मोठमोठे मळे होते. रस आटवायची रीत आपल्या गुऱ्हाळाचीच थोरली बहीण. एका जाळावर चार-पाच काहिली ओळीनं मांडलेल्या. धुराड्याकडची सर्वांत मोठी, जाळावरची सर्वांत लहान. लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस एकीतून दुसरीत ओतत न्यायचा. हे काम रात्रंदिवस गुलाम करत. अंगावर रस उडून भाजणं रोजचंच. लाकूड गाड्या भरभरून जळायचं आणि शेवटच्या काहिलीत साखर करपून काळी पडायची.

त्याच प्रांतात न्यू ऑर्लीन्स शहरी 17 मार्च 1806 रोजी नॉर्बर्ट रिलियू जन्मला. बाप गोरा, आई कॉन्स्टन्स व्हिव्हांट ही कृष्णवर्णीय वंशाची पण गुलामीत नसलेली स्त्री. मुलगा हुशार निघाला. पॅरिसला शिकला आणि तिथल्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी विद्यालयात वाफेच्या इंजिनाचं शास्त्र शिकवू लागला. तिथं त्याच्या मनात एक साधी गोष्ट घोळू लागली. काहिलीवरून उठणारी वाफ आपण आभाळाला देऊन टाकतो. पण तिला उठवायला जाळलेली सगळी उष्णता त्या वाफेतच असते. मग तीच वाफ दुसऱ्या काहिलीखाली का घालू नये?

अडचण एवढीच, की पहिल्या काहिलीची वाफ पहिलीइतक्याच गरम असलेल्या दुसऱ्या काहिलीला उकळी आणू शकत नाही. इथं हवेच्या दाबाचा उपयोग होतो. महाबळेश्वरला पाणी शंभर अंशाच्या चार-पाच अंश अलीकडेच उकळतं, कारण उंचावर हवेचा दाब कमी. बंद भांड्यातली हवा काढून घेतली तर ते आणखी कमी उष्णतेवर उकळतं. इंग्लंडच्या एडवर्ड हॉवर्डनं 1813 च्या सुमारास साखरेसाठी अशी निर्वात कढई केली होती. पण ती एकटी होती, तिची वाफ वायाच जाई. रिलियूनं भांडी एकापुढं एक जोडली आणि पुढच्या प्रत्येक भांड्यात दाब कमी कमी ठेवला. आज आपल्याकडं ज्याला क्वाड म्हणतात, त्या चार बॉडींमागचं तत्त्व हेच. पहिलीला बॉयलरकडून आलेली वाफ, दुसरीला पहिलीच्या रसाची, तिसरीला दुसरीच्या, चौथीला तिसरीच्या. चौथीची वाफ कंडेन्सरमध्ये गार पाण्यानं जिरवतात, त्यानंच आत पोकळी टिकते. त्या शेवटच्या बॉडीत रस 55 ते 60 अंशांवर खदखदत असतो. तिथं करपण्याचं नाव नाही.

याचा हिशेब आपल्या उसाला लावून बघा. एक टन उसामागं पाणी मारून साधारण टनभर रस निघतो, म्हणजे 750 किलो पाणी उडवायचं. एकाच भांड्यात उडवायचं तर जवळजवळ तेवढीच वाफ हवी. एक किलो बगॅस सुमारे 2.2 किलो वाफ देतं, म्हणजे 340 किलो बगॅस लागेल. आणि टनाला बगॅस निघतं 280 ते 300 किलो! घरचं जळण नुसत्या आटवणीलाच पुरणार नाही. मिल कशावर चालवायची? चार बॉडींत तेच काम 190 किलोच्या आसपास वाफेवर, म्हणजे 85-90 किलो बगॅसवर होतं. उरलेल्यावर कारखाना चालतो, आणि सहवीजनिर्मिती असेल तिथं वीजही विकता येते.

जाता जाता एक तक्रार नोंदवतो, सभासदांनी राग मानू नये. वजन वाढावं म्हणून तोडीच्या तोंडावर उसाला पाणी सोडणारे अजून आहेत. ब्रिक्स 15 असेल तर एक किलो विरघळलेल्या पदार्थामागं 5 किलो पाणी उडवावं लागतं. 13 वर आला की 6 किलो. तो सहावा किलो आपल्याच बगॅसवर उडतो.

रिलियूला हे एका दिवसात साधलं नाही. न्यू ऑर्लीन्सला परतल्यावर दहा-बारा वर्षं गेली. 1843 आणि 1846 मध्ये त्यानं पेटंटं घेतली, आणि 1845 मध्ये थिओडोर पॅकवुड नावाच्या मळेवाल्याकडं यंत्र नीट चाललं. मग इतरही घेऊ लागले. साखर पांढरी निघू लागली, जळण वाचलं, पळीनं रस ओतायचं जीवघेणं काम गेलं. शेतातल्या गुलामांच्या हातचा कोयता मात्र सुटला नाही. अमेरिकेत गुलामगिरी कायद्यानं बंद व्हायला 1865 साल उजाडलं. रिलियू स्वतः त्याआधीच पॅरिसला निघून गेला होता. तिथं त्यानं इजिप्तच्या प्राचीन चित्रलिपीचा अभ्यास केला, म्हातारपणी बीटच्या साखरेसाठी पुन्हा यंत्रात लक्ष घातलं आणि 8 ऑक्टोबर 1894 ला वारला. त्याच्या गावच्या लोकांना आठवण झाली ती 1934 मध्ये. जगभरच्या साखर धंद्यानं मिळून लुइझियानाच्या संग्रहालयात त्याच्या नावाचा फलक लावला.

एवढं सगळं मी आजोबांना एका दमात सांगितलं नाही. शेवटच्या बॉडीच्या काचेपाशी नेऊन आत बघायला लावलं. बराच वेळ ते आत उसळणारा रस बघत राहिले. मग म्हणाले, "आन् जाळव्या?"

"पलीकडं बॉयलरला. चारींत मिळून जाळ एकच."

"ह्ये ज्यानं काढलं, त्येचं नाव लिव्हलंय का हितं कुठं?"

मी चारी बाजूंनी फिरून पाहिलं. बॉडीवर पांढऱ्या रंगात नुसते आकडे होते. 1, 2, 3, 4.