कान्हेरीला जाणारा कॅमेरा

बोरिवलीहून कान्हेरी लेणी बघायला जाताना कॅमेरा खिशात मावणाराच बरा. लोकलच्या गर्दीत मोठी बॅग म्हणजे शेजाऱ्याची बोलणी ठरलेली. पण लेणे क्रमांक ३ च्या चैत्यगृहात आत अंधार, आणि चिमुकला सेन्सर तिथे दाणेदार फोटो देतो. म्हणून मेगापिक्सेल किती हे विचारू नका. सेन्सर केवढा आणि लेन्स किती उजेड आत घेते, ते विचारा. सोनीचा २०१२ मधला पहिला आरएक्स१०० जेमतेम २४० ग्रॅमचा, सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, झूम न करता लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडते. सेकंडहँड चांगला मिळाला तर आजही सोडू नये. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो टिपायला मात्र त्याचा झूम तोकडा पडतो. तिथे लांब झूमचा ब्रिज कॅमेराच हवा, वजन वाढते खरे.

जुना कॅमेरा घेताना लेन्सवर मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आपल्या दमट हवेची देणगी. दुकानदार ‘साफ करून देतो’ म्हणेल. भाव कितीही पाडला तरी घेऊ नका. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवला की पावसाळा निभावतो.