परतायला आले, रुजून राहिले

मॅसेडोनियन भाषेत ‘पेचाल्बा’ असा एक शब्द आहे. परमुलखात जायचं, राबायचं, चार पैसे गाठीला बांधून गावी परतायचं, हे सारं त्या एका शब्दात येतं. १९२४मध्ये अमेरिकेनं स्थलांतरितांवर कडक मर्यादा घातल्या आणि पेचाल्बाची वाट ऑस्ट्रेलियाकडे वळली. आले ते बहुतेक एकटे पुरुष. पश्चिम ऑस्ट्रेलियात त्यांनी झाडं तोडून जमिनी मोकळ्या केल्या, पर्थभोवती भाजीचे मळे पिकवले, मांजिमपला तंबाखू लावली.

परतीची आशा मावळली ती ग्रीसमधल्या यादवी युद्धानं (१९४६–४९). त्यांतल्या अनेकांची गावं ग्रीसमध्येच होती; ती उजाड झाली. मग बायकामुलंही इकडे आली. साठ-सत्तरच्या दशकांत तेव्हा मॅसेडोनिया ज्याचा भाग होता त्या युगोस्लाव्हियातून आणखी मोठी लाट आली. पोर्ट केंब्लाचा पोलाद कारखाना, मेलबर्नचे कारखाने इथं त्यांना रोजगार मिळाला. एकमेकांना भेटायची जागा मात्र त्यांनीच उभी केली. १९४७मध्ये मेलबर्नला त्यांचा फुटबॉल क्लब निघाला, तोच आजचा प्रेस्टन लायन्स. १९६०मध्ये फिट्झरॉय उपनगरात सेंट जॉर्ज चर्च उभं राहिलं.

१९८१मध्ये प्रेस्टनचा हा क्लब राष्ट्रीय लीगमध्ये पोचला. पुढे तिथलं स्थान गेलं. नव्वदच्या दशकात क्लबांच्या नावांतून मायदेशाच्या खुणा काढून टाकायचं धोरण आलं आणि क्लबाच्या नावातला ‘मॅसेडोनिया’ हा शब्दही सोडावा लागला. तरी लोकांनी क्लब सोडला नाही. २०२५मध्ये सुरू झालेल्या ऑस्ट्रेलियन चॅम्पियनशिपच्या आठ संस्थापक क्लबांत प्रेस्टन लायन्स होता.

दुसरी वाट पीटर डायकॉसची. मॅसेडोनियन कुटुंबातला हा मुलगा थेट ऑस्ट्रेलियाच्या स्वतःच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’मध्ये शिरला. कॉलिंगवूड क्लबकडून १९७९ ते १९९३ या काळात तो २५० सामने खेळला, त्यानं ५४९ गोल केले. अशक्य कोनांतून गोल साधणाऱ्या या खेळाडूला लोक ‘मॅसेडोनियन मार्व्हल’ म्हणू लागले. १९९०मध्ये कॉलिंगवूडनं ३२ वर्षांनी विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्या मोसमात त्याचे ९७ गोल होते.

२०२१च्या जनगणनेत एक लाखाहून अधिक ऑस्ट्रेलियनांनी आपलं मूळ मॅसेडोनियन असल्याचं नोंदवलं. भाषा आणि देव न टाकता या लोकांनी नवा देश आपलासा केला. माझ्या मते त्यांची खरी कमाई हीच. २०२३मध्ये कॉलिंगवूड पुन्हा जिंकलं, तेव्हा विजेत्या संघात दोन भाऊ होते: जॉश आणि निक, पीटर डायकॉसचे मुलगे.